वळून पाहिल्याची जागा

हुरड्याचा वास आला की माणसांना शेंगदाण्याची चटणी आठवते, गूळ आठवतो, दह्याची वाटी आठवते. मला एक परदेशी बासरी आठवते. परवा मुकुंदवाडीच्या बाजारात भाजी घेताना एका हातगाडीवरून तो वास आला. गाडीवाल्यानं "गुळभेंडी ज्वारी हाय ताई, सकाळीच तोडलेली" म्हणत मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले, आणि मी कोथिंबिरीची जुडी धरून तशीच उभी राहिले. डोक्यात बासरी सुरू झाली होती, आणि ती संपेपर्यंत मला हलता येत नाही. गाडीवाल्याला वाटलं, बाईला दाणा निबर लागला. त्यानं कोवळे निवडून आणखी मूठभर दिले.

हुरड्याची आणि त्या बासरीची गाठ पडली ती काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात. इतकं सुरेल असं काही मी त्याआधी सलग ऐकलं नव्हतं. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या घरातलं गाणं बंद पडलेलं होतं.

दिवाळी सरता सरता माझा मोठा भाऊ गेला, शेतात साप चावून. दादा देवगाव रंगारीला शेती करायचा आणि गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. यातला मुख्य धंदा कोणता, हे वहिनीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. वहिनी स्वतः गाणारी. गवळण म्हणावी तर तिनंच. दादानं ठेका धरायचा आणि वहिनीनं म्हणायचं, असं त्यांच्या घरात तीसएक वर्षं चाललं. भांडणंसुद्धा तालात होतात यांची, असं शेजारीपाजारी म्हणायचे. दादा गेल्यावर पुतण्या संतोष वहिनीला मुकुंदवाडीच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तो आणि सूनबाई दोघंही वाळूजला कामाला, म्हणून वहिनी दिवसभर समोरच्या इमारतीत माझ्याकडे असायची. कामं करायची, जेवायची, विचारलं तर बोलायची. फक्त गात नव्हती. गाणं थांबल्याचा आवाज होत नाही, त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण पूर्वी ही बाई भांडी घासतानाही गुणगुणल्याशिवाय राहायची नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. दादाला भजनाच्या आधी कणकेचा गोळा द्यायचं काम वहिनीचं. माझ्या स्वयंपाकघरात तिनं पहिल्यांदा कणीक मळली तेव्हा मळून झाल्यावर लिंबाएवढा गोळा तोडून ताटाच्या कडेला ठेवला. मग त्याच्याकडे बघत राहिली. मग तो परत मोठ्या गोळ्यात मिसळून टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. हात ऐकत नव्हते तिचे. मी पोळपाट पुसायचं निमित्त करून तोंड फिरवायची. मला रडू आवरत नसे, आणि मी रडले तर तिला मलाच समजावत बसावं लागलं असतं.

माझ्या फोनमध्ये दादाचं एक रेकॉर्डिंग होतं. आदल्या वर्षीच्या हुरड्याच्या वेळी शेतावर केलेलं. गंमत अशी की त्यात गाणं नाहीच. दादानं ठेका धरला होता, पण वहिनी कणसं भाजायच्या आगटीपाशी बसून कणसं चोळत होती, तिचे हात गुंतलेले. मग पाहुणे आले, गप्पा निघाल्या, आणि गवळण राहूनच गेली. फोनमध्ये उरला नुसता ठेका. दादाच्या तेराव्यानंतर मी तिला विचारलं होतं, लावू का. तिनं मान हलवली. "एकदा गेले ते, ताई. ऐकलं आन् संपलं, तर पुन्यांदा गेल्यावाणी होईल. मला नाय झेपायचं." मग मीही ते लावलं नाही. तिच्या आधी आपण ऐकावं हे बरं दिसत नव्हतं.

शिवाय सगळे तिला एकच सांगत होते, मागं वळून बघू नका. आपल्याकडे स्मशानातून परतताना मागं पाहायचं नसतं. तिथंच ही गोष्ट संपावी की नाही? पण नाही, पुढं महिनोन्‌महिने लोक तेच लावून धरतात. संतोष म्हणायचा, "आई, आता पुढं बघ." सूनबाईंची आई फोनवरून म्हणायची. दूधवाला म्हणायचा. त्या पुढं असं काय ठेवलं होतं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. मला या सल्ल्याचा तेव्हापासून मनस्वी राग आहे.

आता बासरीकडे येते. मी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर नकाशे गुंडाळून ठेवले आणि कानांनी प्रवास सुरू केला. याला जबाबदार झुबेरभाई. गुलमंडीजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझा टेपरेकॉर्डर त्यांनी इतक्या वेळा दुरुस्त केला की शेवटी दया येऊन त्यांनी मला विलायती संगीताच्या कॅसेटी ऐकायला दिल्या. "बिगडेली मशीन पे अच्छी चीज सुनो मॅडम, मशीन को भी शरम आती," म्हणाले. त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या वाचनालयानं मला भाषण द्यायला सांगितलं होतं. विषय मीच सुचवला होता: ग्रीक-रोमन पुराणकथा आणि त्यांवरून रचलेलं संगीत. सुचवताना फुशारकी होती. नंतर घाम फुटला. झुबेरभाई आपले जुने मोठे स्पीकर रिक्षात घालून माझ्या घरी घेऊन आले, आणि रोज दुपारी आमची तयारी सुरू झाली. वहिनी तिथंच सतरंजीवर बसून मेथी निवडायची. ती ऐकते आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

पहिली कथा अर्थातच ऑर्फियसची. त्याच्यासारखा गाणारा-वाजवणारा दुसरा नव्हता. तो गायला लागला की झाडं झुकायची, नद्या थबकायच्या. (भूगोलाच्या बाईनं हे कसं पचवावं! पण पचवलं.) त्याची बायको युरिडिसी गवतातून चालली असताना तिला साप चावला आणि ती गेली. इथं मेथी निवडणारे हात थांबले. "गवतात?" वहिनीनं विचारलं. हो म्हटलं. "मंग खरी आसंल गोष्ट," ती म्हणाली आणि परत कामाला लागली. ऑर्फियस वीणा घेऊन थेट यमाच्या दारात गेला. तिथं असा गायला की यमाचं काळीज हललं. ने म्हणाला बायकोला. ती तुझ्या मागून येईल, पण उजेडात पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. ऑर्फियस निघाला. वाट चढाची, अंधाराची. आणि अगदी दाराशी आल्यावर मागं पावलांचा आवाज येईना, म्हणून त्यानं वळून पाहिलं. ती होती. पाहिलं आणि नाहीशी झाली.

एवढीच गोष्ट. पण संगीतकारांनी तिला चारशे वर्षं झोपू दिलेलं नाही. युरोपात गाऊन करायची नाटकं, म्हणजे ऑपेरा, जन्माला आली तेव्हा सुरुवातीच्या हातांनी हीच कथा उचलली. ते बरोबरच होतं. पात्रं बोलायची सोडून गातात कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार, नायक गवईच आहे! पण मला जे आवडतं ते पुढचं. जो येतो तो शेवट आपल्या मनाप्रमाणं करतो. एकानं शोकात बुडालेल्या ऑर्फियसला त्याच्या देव असलेल्या बापाबरोबर आभाळात नेलं, तिथल्या ताऱ्यांत तुला तुझी बायको दिसेल म्हणून. दीडएकशे वर्षांनी दुसऱ्या एकाला तेवढंही सोसवलं नाही. त्यानं प्रेमाच्या देवाला मध्ये घातलं आणि बायको चक्क परत देऊन टाकली. त्यानंतर शंभरएक वर्षांनी तिसरा आला तो खट्याळ. त्याच्या ऑर्फियसला बायको मेल्याचा आनंदच होतो, आणि लोक काय म्हणतील या धाकानं तो तिला आणायला नाइलाजानं निघतो. त्यातला देवांचा शेवटचा धिंगाणा ऐकून झुबेरभाई टाळ्या वाजवत होते. आपल्याकडे एकच आख्यान कीर्तनात रडवतं आणि तमाशाच्या वगात हसवतं, त्यातलीच ही तऱ्हा. ज्या गोष्टीला सगळ्यांचे हात लागून ती झिजत नाही, तिच्यापुढं मी मनापासून हात जोडते.

बायको परत देणाऱ्या त्या दुसऱ्या संगीतकाराच्या रचनेत ती बासरी आहे. मेल्यावर भली माणसं ज्या कुरणात सुखानं राहतात, तिथं ती वाजते. सुखाची जागा, पण सूर सुखी नाही. ज्याची कसली तरी आठवण जात नाही असा सूर आहे तो. आणि त्याच रचनेत बायको दुसऱ्यांदा गेल्यावर ऑर्फियस जे गातो, ते मात्र सगळं शुद्ध स्वरांत, आपल्या बिलावलात बसावं असं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, यांची कॅसेट बदलली की काय. बायको गेली आणि हा असा स्वच्छ, उजळ गातो आहे! झुबेरभाईंनी बोट वर केलं. "मॅडम, जो जोर से रोता ना, वो थोडी देर में चुप हो जाता. ये आदमी रोता नहीं. इसका डर लगता." त्यानंतर मला ते गाणं कोरड्या डोळ्यांनी ऐकता आलेलं नाही. दुःखाला उजळ स्वर देण्याचं धाडस त्या माणसाला कुठून सुचलं असेल? मी त्याचं कौतुक करता थकत नाही, आणि माझं कौतुक ऐकता ऐकता घरचे मात्र थकतात.

तयारी अशी वाढतच गेली. पॅन नावाचा बकऱ्याच्या पायांचा एक वनदेव होता. एका अप्सरेच्या मागं लागला. ती पळाली, नदीकाठी अडकली, आणि सुटका व्हावी म्हणून लव्हाळी झाली. यानं उसासा टाकला तर लव्हाळ्यांतून सूर निघाला. मग त्यानं तीच लव्हाळी कापून त्यांचा पावा केला. या कथेवर एका फ्रेंच संगीतकारानं एकट्या बासरीसाठी छोटीशी रचना केली आहे. साथ नाही, ताल नाही, नुसता श्वास. ती ऐकताना मला आमचं रान दिसायचं. लहानपणी हुरड्याच्या दिवसांत दादा ज्वारीच्या ओल्या धाटाची पिपाणी करायचा. त्याची वाजायची, माझी फुर्र करून थुंकी उडवायची. मी रडायला लागले की तो आपली मला द्यायचा, आणि माझ्या तोंडात तीही वाजायची बंद व्हायची. "वाऱ्याला वाट दे, दाबू नको," असं सांगायचा. मला ते आजतागायत जमलेलं नाही. झुबेरभाईंना मी हे सांगत असताना वहिनी हसली. दादा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मग रोमनांची डायडो. समुद्राकाठची राणी. परक्या देशातून आलेल्या वीरावर जीव लावून बसली. त्याला देवांची आज्ञा झाली, तुला पुढं जाऊन मोठं राज्य स्थापायचंय, आणि तो जहाज हाकारून निघून गेला. (पुढं बघणारा माणूस! मला अशांची चीड आहे.) राणी मरताना गाते ते गाणं एका इंग्रज संगीतकारानं रचलं. त्यात खालच्या पट्टीत तंतुवाद्यांवर एकच ओळ आहे, एकेक पायरी हळूहळू उतरणारी. ती संपते आणि पुन्हा पहिल्यापासून उतरू लागते. वरती राणी काहीही म्हणो, कितीही तळमळो, खालची ओळ बदलत नाही. हे ऐकताना वहिनी मेथी बाजूला सारून पुढं सरकली.

"हे जातं हाय," ती म्हणाली.

मी स्पीकर हळू केला.

"खालनं जातं फिरतंय बगा. तेचं तेचं. आन् ही बाई वरनं ओवी म्हणती. माझी आई म्हणायची तशी. जात्याला काय, दळायचं काम. बाईनं वरनं काय पायजे ते म्हणावं, त्याला सगळं चालतं."

ज्या गोष्टीवर मी टिपणांची चार पानं काढली होती, ती तिनं तिच्या आईच्या जात्यावर बसवून मोकळी केली. मी ती पानं फाडली नाहीत, तेवढा माझा स्वभाव मोठा नाही. पण भाषणात जातंच सांगायचं ठरवलं. आणि एक गोष्ट तेव्हा मनात येऊन गेली, ती मी बोलले नाही. फोनमधला दादाचा ठेकाही असाच खालून फिरत होता, वरची ओवी नसलेला.

सगळेच दिवस काही असे जड नव्हते. रोमनांच्या युद्धदेवाच्या, म्हणजे मंगळाच्या नावानं एक दणदणीत रचना आहे, पाच मात्रांची. ज्यानं ती केली त्या संगीतकाराला पत्रिकेचा नाद होता म्हणे. झुबेरभाई टेबलावर पाच मोजत बसले आणि दर वेळी सहावर घसरले. "लई कडक हाय," वहिनी म्हणाली, "पण मंगळ कडकच आसतो. यांच्यातबी लग्नं अडत आसतील." झुबेरभाईंनी तिला सांगितलं, भाभी, मंगळ आमच्यातही कडकच, पण आमच्यात लग्नं हॉलच्या तारखेपायी अडतात.

अशा दुपारी मला एक नवल वाटत राहायचं. या देवांची आता पूजा होत नाही. ना नैवेद्य, ना जत्रा, ना नवस. त्यांची देवळं पडून कैक शतकं झाली, खांब पाहायला तिकीट काढून माणसं जातात. नोकरीतून निवृत्त झालेल्या साहेबाकडे कोण फिरकतं? पण यांच्या दारी संगीतकार येतच राहिले. भक्तीपोटी नाही, भीतीपोटी नाही, तर या कथांत माणसाचं जे काही होतं ते सुरात मावेल असं वाटून. हरलेलं प्रेम, फसलेली शर्यत, चोरलेला विस्तव, समुद्रापलीकडं गेलेला नवरा. ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही अशा देवाला माणसं शतकानुशतकं गाऊन दाखवतात, याहून मोठी दाद एखाद्या गोष्टीला मिळाल्याचं मला तरी ठाऊक नाही.

भाषणाच्या आदल्या आठवड्यात मी शेवट पाठ करत होते. शेवट मला फार शहाणपणाचा सुचला होता. ऑर्फियसची चूक एकच, त्यानं मागं वळून पाहिलं. कला सदैव पुढं पाहते, वगैरे. मोठ्यानं म्हणून दाखवलं. झुबेरभाई भिडस्तपणे मान डोलवत होते. वहिनीनं विचारलं,

"मंग तिचं देऊळ कुठंय?"

"कुणाचं?"

"त्या बाईचं. त्यानं वळून बगितलं, तिथंच थांबली आसंल ना ती? तिथं बांधलं आसंल की कुणीतरी."

मला हसू आलं. वहिनी ग्रीकांना देवगावच्या माळावर आणून बसवत होती. दादाच्या शेताच्या वाटेवर एका उघड्या माळावर देवीचं ठाणं आहे. त्याची कथा आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला डोंगरावर दर्शनाला जाणं होईना. देवी म्हणाली, मीच येते तुझ्या मागून, वळून बघू नको. तो पुढं, देवीचे पैंजण मागं छुमछुम. माळावर भुसभुशीत मातीत पैंजण वाजेनासे झाले. म्हाताऱ्यानं घाबरून वळून पाहिलं. देवी तिथंच थांबली. गावात आलीच नाही. मी समजावू लागले, की बाई गं, यांच्यात तसं नाही, यांच्यात पाहिलं की माणूस जातं.

"आवाज बंद झाल्यावर माणूस वळणारच की, ताई," वहिनी म्हणाली. "न वळणारा काय माणूस म्हणायचा? आन् म्हाताऱ्यानं वळून बगितलं नसतं तर देवी गावात आली आसती, घराघरात गेली आसती, आन् इसरून गेली आसती लोकं. बगितलं म्हणून ठिकाण झालं. व्हय का नाय?"

मी भूगोल शिकवलेली बाई. ठिकाण कशानं होतं, ते मुलांना वर्षानुवर्षं सांगितलेली. पाणी, रस्ता, बाजार. त्या यादीत वळून पाहणं कधीच नव्हतं.

झुबेरभाई मात्र हसले नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, "देऊळ नाही भाभी. पण चारसौ साल से जो भी बाजा लेके बैठा ना, उसी जगा पे जाके बैठा. जहां उसने पलट के देखा. तो देऊळच झालं ना वो?"

वहिनीनं मेथीच्या काड्या गोळा केल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आसं हाय व्हय."

भाषण झालं. माणसं थोडी, खुर्च्या जास्त, माइक आपल्या मनाचा. माझा शहाणपणाचा शेवट मी घरीच ठेवला आणि देवळाचा प्रश्न सांगितला. बासरी लावली तेव्हा पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डुलक्या घेत होते ते जागे झाले आणि शेवटपर्यंत जागे राहिले. झुबेरभाई याला आमचं यश मानतात.

संक्रांत झाली आणि संतोषनं हुरड्याला शेतावर जायचं काढलं. आई येणार नाही असं धरूनच चालला होता. वहिनी डबा बांधून आधी गाडीत बसली. देवीच्या माळापाशी तिनं गाडी थांबवायला सांगितली. नारळ ठेवला, हात जोडले. मग पायवाटेनं शेताकडं निघाली, आणि थोडं पुढं जाऊन थांबली. वळली. ठाण्याकडं नीट, डोळे भरून पाहिलं. आम्ही मागून येत होतो, त्यामुळे मला तिचं तोंड स्पष्ट दिसलं. असं तोंड मी परीक्षेतला अवघड प्रश्न सुटलेल्या मुलींचं पाहिलं आहे.

ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. संतोषनं आगटी पेटवली, गोवऱ्यांचा धूर सरळ वर गेला. भाजलेली कणसं वहिनी तळहातावर चोळत होती, हिरवे दाणे सुपात पडत होते, वाफ येत होती. माझ्या डोक्यात बासरी वाजत होती, आणि ते भल्या माणसांचं कुरण म्हणजे हेच की काय, असं वाटत होतं. दादा पखवाज घेऊन जिथं बसायचा ती बांधावरची जागा मोकळी होती. तिकडं कुणीच बसलं नव्हतं.

"ताई," वहिनी म्हणाली, "ते लावा."

"आई, कशाला आता उगीच..." संतोष म्हणाला.

"तू आगटीकडं बग. कणसं करपतील."

मी फोन काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी विस्तवाचा तडतडाट, कुणाचं तरी खोकणं. डाव्या तोंडावर दोन थापा, कणीक बसली का पाहण्यासाठी. मग दादानं गवळणीचं ध्रुवपद नुसतं गुणगुणलं आणि ठेका धरला. इतका स्वच्छ, की संतोषनं दचकून बांधाकडं पाहिलं.

"म्हण की पुढं," दादा फोनमधून म्हणाला.

"हात रिकामे होऊ द्या आधी," फोनमधली वहिनी म्हणाली.

दादा हसला. "होऊ दे. मी हितंच हाय." आणि ठेका फिरू लागला, तोच तो, घाई न करता.

वहिनीनं हातातलं कणीस खाली ठेवलं. तळहात पदराला पुसले.

"झाले रिकामे," ती म्हणाली, आणि समेवर ध्रुवपद उचललं.

आवाज सुरुवातीला खरखरीत होता, वापरात नसलेल्या रहाटासारखा. दुसऱ्या कडव्याला मोकळा झाला. मी मात्र फोनच्या काचेवर सरकणारी रेघ पाहत होते. ती शेवटाकडं चालली होती, आणि वहिनीला ज्याची धास्ती होती ते आता होणार होतं. फोनमधला ठेका संपला. मी वळून वहिनीकडं पाहिलं. तिचा डावा हात मांडीवर पडत होता, दादाचा पडायचा तसा, आणि गवळण अजून बरीच शिल्लक होती.